जाळ्यात आलेला पत्रा आणि समुद्रात पडलेली विमानं

खडपावरचा

देवगडला मामेभावाच्या परसात कोंबड्यांचं खुराडं आहे. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर एक पत्रा टाकलाय. तो साधा पत्रा नाही हे माझ्या लक्षात यायला तिसरा चहा उजाडला.

दीड हात लांब, हातभर रुंद, आणि एका बोटानं उचलला जाईल इतका हलका. कड तुटलीय तिथून आत डोकावलं तर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, त्यांना वरून-खालून पातळ पत्रा चिकटवलेला. रिव्हेटांची डोकी इतकी सपाट बसवलेली की हात फिरवला तरी लागत नाहीत. एक बाजू करडी, दुसरी हिरवट-पिवळी, आणि त्या हिरवट-पिवळ्यावर बोटाच्या पेराएवढी कालवं.

भावाला विचारलं. तो म्हणाला, "जाळ्यात गावलो. पंधरा दिसांचो धंदो घालवल्यान ह्येणां."

त्याचा ट्रॉलर आहे. बावीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात जाळं ओढत असताना कशाला तरी अडकलं. विंच कण्हायला लागला, बोट मागच्या मागे दबायला लागली, तेव्हा तांडेलानं (बोटीच्या म्होरक्यानं) एका बाजूची दोरी तोडायला लावली. जे वर आलं त्यात अर्धं जाळं नव्हतं आणि खोल्यात (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत) हा तुकडा. वर्दी द्यायला एका सरकारी कचेरीत गेले, तर तिथल्या साहेबांनी विचारलं की हा विमानाचा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? जाळ्याच्या नुकसानीचं काय, तर त्याचा कागद वेगळ्या खात्याकडे. तिथून तिसरीकडे. चौथ्या खेपेला भावानं तुकडा पिशवीत घातला आणि घरी आणून कोंबड्यांना दिला.

हा विमानाचाच आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्यासमोरच्या समुद्रात नौदलाची विमानं पडली आहेत, ही गोष्ट खरी आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाचा हवाई तळ 'आयएनएस हंसा', तिथून मिग-२९के उडतात. २६ नोव्हेंबर २०२० ला 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेवरून उडालेलं प्रशिक्षणाचं मिग गोव्यासमोर पडलं, एक वैमानिक वाचले, कमांडर निशांत सिंह गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक पडलं होतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एक. त्या दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप बाहेर पडले.

माझा प्रश्न साधा आहे. पडलेलं विमान पुढे कुठे जातं? सगळं वर काढतात का? आणि ते शोधताना इथल्या लोकांना कोणी काही विचारतं का? जाणकारांनी लिहावं.

उंडगा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पुणेरी_शंका

एवढा उपग्रहांचा जमाना. विमान पडलं की त्याचं ठिकाण मिलिमीटरमध्ये कळत असणार. हे शोधणंबिधणं बातम्यांपुरतं असावं. संवेदनशील माहिती आपल्याला कशाला सांगतील?

जुना_खलाशी

शंकासाहेब, उपग्रहाला पाण्याखालचं दिसत नाही. रेडिओलहर खाऱ्या पाण्यात काही हातांतच मरते. पाण्यात चालतो तो आवाज, म्हणून सगळा शोध कानाने करायचा असतो.

नौदलात बरीच वर्षं काढली आहेत, उडणाऱ्यांपैकी नव्हतो. गुपित असं काही सांगणार नाही, छापून आलेलंच सांगतो.

विमान कुठे *आदळलं* ते रडारवरून बऱ्यापैकी कळतं. कुठे *पडून आहे* ते कळत नाही. वेगानं पाण्यावर आदळलेल्या विमानाला पाणी काँक्रीटसारखं लागतं. हलके तुकडे तरंगत वाहतात, मधले गटांगळ्या खात तिरके खाली जातात, इंजिनं मात्र दगडासारखी सरळ. म्हणून एक विमान शोधायचं म्हणजे खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या जागी शोधायच्या.

२०२० च्या शोधात नऊ युद्धनौका आणि चौदा विमानं लावली होती. तीन दिवसांत लँडिंग गिअर, टर्बोचार्जर, इंधनाची टाकी, इंजिनावरचं आवरण हे सापडलं. पण कमांडर सिंह सापडायला ७ डिसेंबर उजाडला. गोव्यापासून सुमारे ३० मैलांवर, ७० मीटर खाली. अकरा दिवस. घरच्यांसाठी ते अकरा दिवस कसे गेले असतील हे लिहायची माझी लायकी नाही.

शोधायची रीत अशी. बोटीमागे लांब केबलवर टॉर्पेडोसारखं एक यंत्र ओढतात, त्याला बोलीत मासाच म्हणतात. तो दोन्ही अंगांना आवाज सोडतो आणि तळावरून परतणाऱ्या आवाजाचं चित्र काढतो. हा साइड स्कॅन सोनार. शेत नांगरावं तशी बोट सरळ जाते, वळते, शेजारच्या तासानं परत येते. वेग माणसाच्या चालण्यापेक्षा थोडा जास्त. चित्रात खडकही काळा दिसतो, जुनं गलबतही, टाकून दिलेला नांगरही. प्रत्येक काळ्या ठिपक्यावर कॅमेरावालं यंत्र किंवा पाणबुड्या उतरवून बघायचं. ७० मीटरवर साध्या हवेच्या टाकीनं जाता येत नाही, श्वासाला वेगळं वायूमिश्रण लागतं, आणि खाली काही मिनिटं काम केलं की वर यायला तासन् तास.

'ब्लॅक बॉक्स'वर, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्डरवर (रंग भगवाच असतो), पिंगर असेल तर तो पाण्यात गेला की ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिक करतो. माणसाला ऐकू येत नाही. जुन्या पिंगरची बॅटरी साधारण महिनाभर. २०१५ च्या जूनमध्ये तटरक्षक दलाचं डॉर्नियर तामिळनाडूसमोर बेपत्ता झालं, तेव्हा ती टिकटिक 'सिंधुध्वज' या पाणबुडीनं पकडली ती जवळपास चार आठवड्यांनी, बॅटरी संपता संपता. सुमारे हजार मीटर पाणी होतं. रेकॉर्डर मग 'ऑलिंपिक कॅन्यन' या रिलायन्सच्या जहाजावरच्या यंत्रानं शोधून काढला.

आणि टिकटिक हाती लागली नाही तर? २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२, आत २९ माणसं. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये ओळखले गेले. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी-यंत्रानं ३,४०० मीटर खाली फोटो काढले. साडेसात वर्षं, शंकासाहेब.

पुणेरी_शंका

शंका मागे घेतो. (पहिल्यांदाच.)

गिर्येकर

खलाशीकाका, मस्त. एक भर घालतो. बंगालच्या उपसागरात किनारा सोडला की तळ घसरगुंडीसारखा खाली जातो. आपल्याकडे तसं नाही. गोव्यासमोर ३० मैलांवर ७० मीटर, म्हणजे अडतीस वाव. आपल्या किनाऱ्यालगतचा उथळ तळ समुद्रात बराच आत गेलेला आहे. पन्नास-साठ मीटरपर्यंत बहुतेक ठिकाणी चिखल, त्याच्या पलीकडे जुनी वाळू आणि चुनखडी. विजयदुर्गासमोर शंभर-एक किलोमीटर गेलं की आंग्रिया बँक, समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठारच.

म्हणजे आपल्याकडे खोलीचा त्रास कमी आणि चिखलाचा त्रास जास्त. जड वस्तू चिखलात रुतते, वरून गाळ बसतो, दोन पावसाळ्यांत सोनारला दिसायची पंचाईत. तारकर्लीला पर्यटकांना बुडी मारायला लावतात तिथेसुद्धा पाणी गढूळलं तर स्वतःचे पाय दिसत नाहीत.

दुसरं म्हणजे ओढ. पावसाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, नोव्हेंबरनंतर उलटा, उत्तरेकडे. म्हणजे २०२० च्या नोव्हेंबरात गोव्यासमोर जे तरंगलं असेल त्याची ओढ वेंगुर्ला-मालवणच्या दिशेनं. अर्थात त्यावर रोजचा वारा असतोच, सकाळी जमिनीकडून येणारी मतलई बाहेर ढकलते, दुपारी खारा वारा आत आणतो.

चिवचिवाट

२०२३ च्या नौदल दिनाला मालवणात विमानं डोक्यावरून गेली तेव्हा आमच्या सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवून "गेला, गेला, घराचा कौल गेला" म्हणून आरडाओरडा केला होता. कौल शाबूत होतं. अवांतराबद्दल क्षमस्व.

तांडेलाची_नात

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाच की. इथल्यांना कोणी विचारतं का?

माझे आजोबा जीपीएसच्या आधीचे. त्यांच्याकडे समुद्राची जागा सांगायची रीत म्हणजे दोन ओळी. देवळाचा कळस डोंगरावरच्या एकट्या झाडाच्या खाली आला की एक ओळ, दक्षिणेकडचं टोक बेटाच्या मागून सुटं दिसायला लागलं की दुसरी. जिथे दोन्ही जुळतात तिथे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, जाळं टाकायचं नाही. असे कितीतरी खडप त्यांच्या डोक्यात होते. वडिलांच्या वेळी ते वहीत उतरले, आता माझ्या भावाच्या प्लॉटरवर आहेत, बारीक बारीक कवट्यांच्या खुणांनी.

आता गंमत बघा. ट्रॉलरवाला त्या कवट्या टाळतो, आणि गरीवाला (गळानं मासे धरणारा) नेमका तिथेच जातो! बुडालेल्या कशावरही दोन-तीन वर्षांत मासा धरतो. तांबोशी, हेकरू. त्यामुळे अशी जागा कोणी सहजासहजी सांगत नाही. माझ्या आजोबांनी एक जागा स्वतःच्या सख्ख्या भावाला सांगितली नव्हती, तो वारल्यावर रडले त्यासाठी.

सोनारवाला दोन आठवडे नांगरणी करून जे काळे ठिपके काढेल, त्यातले निम्मे कुठल्या तरी वहीत आधीच लिहिलेले असतात. "हा ठिपका जुना आहे, आमच्या बापाचं जाळं इथे फाटलंय" एवढं कळलं तरी एक बुडी वाचेल.

जुना_खलाशी

नातबाई, लाख बोललात. याच्यावरून एक घडलेली गोष्ट आठवली.

१७ जानेवारी १९६६. स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बी-५२ बॉम्बफेकी विमान हवेतच इंधन घेताना टँकरवर आदळलं. आत चार हायड्रोजन बॉम्ब. तीन जमिनीवर पडले, चौथा गायब. अमेरिकी आरमार सगळी आयुधं घेऊन भूमध्य समुद्र धुंडाळतंय. फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स नावाचा तिथला मच्छीमार म्हणत होता की मी पॅराशूट पडताना पाहिलं, जागा मी दाखवतो. तो किनाऱ्याच्या खुणांवरूनच बोलत होता, तुमच्या आजोबांसारखा. आरंभी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी 'ॲल्विन' ही छोटी पाणबुडी त्यानं दाखवलेल्या भागातच बॉम्बपर्यंत पोचली. एप्रिलमध्ये बॉम्ब वर आला, सुमारे पावणेनऊशे मीटरवरून. उचलायला 'कर्व्ह' नावाचं दूरनियंत्रित यंत्र पाठवलं, तर ते बिचारं बॉम्बच्याच पॅराशूटमध्ये गुरफटलं. दोघांना एकत्रच ओढून काढलं.

मग त्या मच्छीमारानं काय केलं? बुडालेला माल दाखवणाऱ्याचा हिस्सा मागितला. रीतसर, वकील लावून. गावानं त्याचं नाव ठेवलं 'बॉम्बवाला पाको'.

त्याच 'कर्व्ह' घराण्यातलं आजचं यंत्र 'कर्व्ह-२१'. जानेवारी २०२२ मध्ये 'कार्ल व्हिन्सन' या अमेरिकी विमानवाहू नौकेवर उतरताना एफ-३५सी डेकवर आपटून दक्षिण चीन समुद्रात गेलं, ते यानंच मार्चमध्ये काढलं, सुमारे ३,७८० मीटरवरून. तिथे घाई वैमानिकासाठी नव्हती, तो आधीच बाहेर पडला होता. घाई दुसऱ्या कोणाच्या हाती विमान लागू नये म्हणून. त्याच वर्षी जुलैत वादळी वाऱ्यानं 'ट्रूमन'च्या डेकवरून एक एफ/ए-१८ उडून भूमध्य समुद्रात पडलं, तेही काढलं.

उंडगा

वाऱ्यानं विमान *उडून* पडलं. वाक्य फ्रेम करून ठेवतो.

जुना_खलाशी

हसू नका, याहून वरचढ आहे. नोव्हेंबर २०२१, 'क्वीन एलिझाबेथ'वरून ब्रिटनचं एफ-३५बी उडायला निघालं आणि डेकच्या टोकावरून पाण्यात. कारण? इंजिनाच्या तोंडात घालायचं झाकण आतच राहिलं होतं. वैमानिक बाहेर फेकला गेला आणि त्याचं पॅराशूट जहाजाच्या कडेलाच अडकलं, नाहीतर जहाजाखाली गेला असता.

झाकणाचा संशय लगेचच आला होता. पण विमान समुद्रातून वर काढलं म्हणून तपास नीट करता आला. जपानचं उदाहरण उलट आहे. एप्रिल २०१९ मध्ये त्यांचं एफ-३५ए पॅसिफिकमध्ये गेलं, सुमारे दीड हजार मीटर पाणी. रेकॉर्डरचा भाग मिळाला, पण त्यातली माहिती नष्ट झालेली. मग रडार आणि शेजारच्या विमानांच्या नोंदींवरून अनुमान काढावं लागलं की वैमानिकाचं वर-खालीचं भान सुटलं.

गिर्येकर

मिग-२९केच्या बाबतीत महालेखापरीक्षकांचा २०१६ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. ६५ पैकी ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती, असं त्यात म्हटलंय. म्हणून तळातलं इंजिन नुसतं भंगार समजू नका. बाकीची विमानं उडवायची की नाहीत ते त्यावरून ठरतं.

ॲड_सावली

कायद्याचं थोडक्यात. समुद्रात सापडलेल्या अवशेषांची वर्दी घेणारा 'रिसीव्हर ऑफ रेक' नावाचा अधिकारी मर्चंट शिपिंग कायद्याखाली आपल्याकडे असतो. लष्करी विमान बुडालं म्हणून बेवारस होत नाही, ते सरकारचंच. त्यामुळे खडपावरचा, तुमच्या भावानं तुकडा घरी ठेवणं चूक आहे, चार खेपा मारल्यानंतर केलेली असली तरी. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ लावा, फोनची वेळ लिहून ठेवा आणि पोच लेखी घ्या. बोटीच्या नोंदवहीत जागा, खोली, वेळ आणि नुकसान त्याच दिवशी लिहिलेलं असेल तर पुढे उपयोगी पडेल.

जुना_खलाशी

आणि पत्र्याबद्दल. फोटो पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही. पोळ्याची रचना विमानात असते, हेलिकॉप्टरात असते, वेगवान बोटींतही असते. पण तो हिरवट-पिवळा रंग बहुधा झिंक क्रोमेट असावा, ॲल्युमिनिअम गंजू नये म्हणून आतून लावतात. तो विषारी असतो. कोंबड्यांवरून आधी काढा. अंडी खात असाल तर अजून आधी.

पुढे कोणाला असं काही मिळालं तर, काळ्या कापडासारखं तुटलेलं दिसलं तर ते कार्बन तंतू, कुसळासारखे हातात घुसतात आणि श्वासातून जातात. खुर्चीसारखं काही दिसलं तर लांब राहायचं, वैमानिकाला फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटकं असतात, ती उडालेली असतीलच असं नाही. आणि 'ब्लॅक बॉक्स'चा डबा मिळाला तर पुसून उन्हात ठेवायचा नाही. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा. खारवलेलं सर्किट हवेत आलं की कुजायला लागतं.

तांडेलाची_नात

एक राहिलं. मार्च २०१५ मध्ये गोव्यासमोर नौदलाचं डॉर्नियर रात्री पडलं होतं. जेट नव्हतं, तरी सांगते. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले. तिसरे, कमांडर निखिल जोशी, वाचले. अंधारात त्यांना पाण्यातून कोणी उचललं? मासेमारी करणाऱ्या बोटीनं. २०२० च्या शोधाच्या वेळीही नौदलानं सांगितलं होतं की किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांना सावध केलंय. म्हणजे विचारतात, पण *तरंगतंय का* एवढंच. *तळाला काय आहे* ते कोणी विचारत नाही.

पुणेरी_शंका

पण नातबाई, तुम्हीच म्हणालात की जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत. नौदलाला सांगतील?

तांडेलाची_नात

माणूस हरवलाय म्हटलं तर सांगतील. फक्त सांगून झाल्यावर चार कचेऱ्या फिरवू नका.

खडपावरचा

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला हे वाचून दाखवलं. क्रोमेटचं ऐकल्यावर वहिनीनं कोंबड्यांआधी आम्हा दोघांना धुतलं.

पत्रा आता पडवीत गोणपाटात बांधून ठेवलाय. १५५४ ला फोन लावला, पलीकडच्या माणसानं शांतपणे सगळं लिहून घेतलं, अक्षांश-रेखांश दोनदा वाचून दाखवले. माणूस पाठवतो म्हणाले. बघू.

अक्षांश-रेखांशासाठी भावानं वही काढली. डिझेलचा वास येणारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ॲड_सावली, नोंद त्याच दिवशीची आहे. तांडेलाच्या अक्षरात, जशीच्या तशी देतो, आकडे सोडून:

"२२ वाव. चिकल. जाळा अडाकला, तोडला. पत्रो गावलो. खाली आजून मोठा काय तरी आसा. परत हय येव नये."

शेवटच्या ओळीखाली कोणीतरी पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, "हेकरू?"